केळ्याचा वास

"मान डावीकडे. आता उजवीकडे. वर बघा, खाली बघा. केळ्याचा वास येतोय?"

"नाही," लेबलताई म्हणाली.

मास्कमधून तिचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा घुमत होता. डोक्यावरून खांद्यापर्यंत पारदर्शक प्लास्टिकची घुमटी होती आणि तिच्या आत, कपाळासमोर, केळ्यासारखा वास येणाऱ्या द्रवात भिजवलेला कागदाचा बोळा टांगलेला होता. मास्क चेहऱ्यावर घट्ट बसला असेल तर तो वास आत शिरत नाही. कुठे फट असेल तर शिरतो, आणि आतलं माणूस तसं सांगतं. परीक्षा एवढीच. तपासनिसाने तिला एक छापील उतारा मोठ्याने वाचायला लावला, जागच्या जागी चालायला लावलं, वाकायला लावलं, आणि दर वेळी तोच प्रश्न विचारला. दर वेळी तिने तेच उत्तर दिलं. उत्तर शंभर टक्के खरं होतं. तिला वास येत नव्हता.

चार वर्षांपूर्वी एक ताप येऊन गेला, तेव्हापासून तिला कशाचाच वास येत नव्हता.

तपासनिसाने फॉर्मवर 'पास' लिहिलं आणि घुमटी उचलली. बाकावर बसलेल्या सात जणांनी टाळ्या वाजवल्या. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या सडपातळ माणसाला सगळे काडी म्हणत. त्याने तर शिट्टीही मारली. आता चहासुद्धा लेबल वाचूनच प्यावा लागणार, असं तो म्हणाला आणि सगळे हसले. बाकाच्या टोकाला फोरमन बसला होता. तो हसला नाही, पण त्याने मान डोलावली. त्याच्याकडून एवढं मिळणं म्हणजे पुष्कळ होतं.

महिनाअखेरीला फोरमन निवृत्त होणार होता. गॅसच्या त्या गोदामात आठ जणांचं गळती पथक होतं. भोंगा वाजला की बाकीचे वाऱ्याच्या उलट दिशेने आवाराबाहेर जात आणि हे आठ जण मास्क चढवून आत शिरत. बावीस वर्षं पथकाचा प्रमुख फोरमनच होता. त्याच्या जागी लेबलताईचं नाव वरून मंजूर होऊन आलं होतं. मास्कची वार्षिक चाचणी तेवढी राहिली होती, तीही आता झाली.

तिचं खरं काम आवक बघण्याचं. गोदामात क्लोरीन यायचा, अमोनिया यायचा, सल्फर डायऑक्साइड यायचा, प्रयोगशाळांसाठी लागणारी लहान सिलिंडरं यायची. ट्रक धक्क्याला लागला की ती वर चढे आणि प्रत्येक सिलिंडरचं लेबल वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाची. कवटीचं चिन्ह आहे का, त्याच्या शेजारी धातू-कातडी खाणाऱ्या पदार्थाचं चिन्ह आहे का, शेवटची दाबचाचणी कधी झाली. तिचं वाचून झाल्याशिवाय एक नग खाली उतरत नसे. नवे लोक रंगावरून ओळखायला जात. पिवळं म्हणजे हे, हिरवं म्हणजे ते. ती त्यांना सांगे, रंग ज्या त्या कंपनीचा, एकीचा पिवळा दुसरीचा नसतो. ज्याचं लेबल फाटलंय किंवा पुसलंय ते सिलिंडर म्हणजे अनोळखी माणूस. त्याला घरात घ्यायचं नाही, ज्याचं त्याच्याकडे परत पाठवायचं. एकोणीस वर्षं ती हेच करत होती, म्हणून लेबलताई.

एकदा नायट्रोजन भरलेली वीस सिलिंडरं आली, त्यात शंभरात पाच भाग हायड्रोजन सल्फाइड. वाहतुकीच्या तक्त्याचं गणित केलं तर हे मिश्रण विषारी गटात बसत नाही, निरुपद्रवी गटात बसतं. कागद चोख होते. तिने गणित दोनदा करून बघितलं, बरोबर आलं, आणि तरीही ती वीसच्या वीस सिलिंडरं तिने कवटीवाल्या रांगेत साखळी घालून उभी केली. व्यवस्थापकांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती की तक्ता बरोबर आहे, पण तक्त्याला बंद खोलीत श्वास घ्यावा लागत नाही. अशा बंद खोलीत हे मिश्रण सुटलं, तर दोनचार श्वासांत माणूस आडवा होतो.

आज फॉर्मवरचा 'पास' बघताना तिला ती वीस सिलिंडरं आठवली.

वास गेल्याचं घरी नवऱ्याला आणि लेकीला माहीत होतं. दूध करपायला लागलं की नवरा आतल्या खोलीतून "अगं, दूध" म्हणून ओरडे, आणि ती गॅस बंद करी. लेकीने स्वयंपाकघराच्या ओट्यावर घड्याळ लावून दिलं होतं. गोदामात मात्र तिने कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण फोरमन नाकावरून माणूस घेई. पथकात नवा माणूस यायचा असला की तो त्याला आवारात फिरवी आणि विचारी, काय वास येतोय, कुठून येतोय. उत्तर चुकलं की त्या माणसाची रवानगी ऑफिसात. स्वतःच्या नाकाबद्दल तो बोले तेव्हा जणू दुसऱ्या कोणाबद्दल बोलतोय अशा आदराने बोले. "मीटर बिघडेल," तो म्हणे, "हे नाही बिघडणार."

लेबलताईने नाकाशिवाय काम करायची स्वतःची रीत बसवली होती. कमरेला मीटर, खिशात अमोनियाच्या पाण्याची छोटी बाटली आणि काठीला बांधलेलं फडकं. फडकं भिजवून सांध्याजवळ नुसतं फिरवायचं. क्लोरीन झिरपत असेल तर तिथे पांढरा धूर उठतो. रोज सकाळी ती एकेका व्हॉल्व्हपाशी हे करी. माणसं हसत, ताई सिलिंडरांना धूप दाखवतात म्हणत. तिने कधी कारण सांगितलं नाही.

चाचणी संपल्यावर ती हात धुवायला नळावर गेली. समोरच्या आरशात तिने स्वतःचा चेहरा बघितला. गाल, हनुवटी, कानशिलं. मास्क या चेहऱ्यावर बसतो की नाही? तपासनिसाला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. मास्क उलटा घातला असता तरी ती या परीक्षेत पास झाली असती. आणि आत कोणी एकटं जात नाही, जोडीने जातात. एक जण आत पडला तर दुसऱ्याने त्याला ओढून आणायचं. तिच्या जोडीला काडी असायचा. त्याचं वजन पंचावन्न किलो, तिचं बहात्तर.

तिने नळ बंद केला.

तपासनीस चहाच्या खोलीत एकटाच बसून फॉर्म लावत होता. चाळिशीचा, मऊ बोलणारा माणूस. दरवर्षी हाच येई.

"माझा पास खोडा," ती म्हणाली.

"का? काय झालं?"

"मला वास येत नाही."

"मग बरोबरच आहे की, बाई. वास येत नाही म्हणजे मास्क—"

"मास्क नसतानाही येत नाही."

तपासनिसाने कप खाली ठेवला. मग उठून दार लोटून घेतलं. कधीपासून, असं त्याने विचारलं, आणि तिने सांगितल्यावर बोटांवर वर्षं मोजली. म्हणजे मागच्या तीन वर्षांचेही गेले, तो म्हणाला. तिने हो म्हटलं. त्याने तिला समजावून बघितलं. फॉर्ममध्ये वास आला की नाही एवढंच विचारलेलं असतं, आणि तो आलेला नाही. पुढच्या वर्षी बघू. ती तशीच उभी राहिली.

"चाचणीच्या आधी वासाची परीक्षा असते ना?" तिने विचारलं. "पुस्तकात आहे. दोन बरण्या."

होती. एका बरणीत नुसतं पाणी, दुसऱ्या बरणीतल्या पाण्यात त्या केळ्याच्या द्रवाचा अंश. माणसाने मास्क न लावता हुंगून सांगायचं, वास कुठल्या बरणीला आहे. ज्याला ओळखता येतं त्याचीच पुढची चाचणी खरी. बरण्या आहेत, तपासनीस हळूच म्हणाला, गाडीत आहेत. इथे सगळे गॅसवाले, सगळ्यांची नाकं तिखट, म्हणून त्याने बरण्या काढणं कधीच सोडून दिलं होतं. वेळ वाचायचा.

"तुम्ही हे लिहून दिलंत तर मलाही लिहून द्यावं लागेल," तो म्हणाला.

"हो. दोघांनाही लिहावं लागेल."

व्यवस्थापकांच्या खोलीत, तपासनिसाला शेजारी घेऊन, तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. व्यवस्थापक सभ्य माणूस होते. त्यांनी मध्ये तोडलं नाही. ऐकून झाल्यावर म्हणाले की तिच्या प्रामाणिकपणाचं त्यांना कौतुक वाटतं. मग चष्मा काढून पुसला. वास न येणारं माणूस गॅसच्या आवारात ठेवणं त्यांना कितपत जमेल, हे बघावं लागेल. पथक तर सोडाच. वरच्या मजल्यावर आवकजावकेच्या कागदांचं काम आहे, खुर्ची आहे, पंखा आहे. लेबलं तिथेही वाचता येतील, फोटोवरून.

म्हणजे प्रमुखपद तर जाणारच होतं, शेडही जाणार होती. एवढ्या लवकर होईल असं तिला वाटलं नव्हतं.

"साहेब, गळतीचं रजिस्टर मागवा."

रजिस्टर आलं. मागच्या चार वर्षांत एकूण चौदा गळत्या सापडल्या होत्या, भोंगा वाजण्याआधीच, बारीक असताना. चौदापैकी अकरा नोंदी लेबलताईच्या अक्षरात होत्या. 'कसे आढळले' या रकान्यात अकरा वेळा एकच लिहिलं होतं: पांढरा धूर. उरलेल्या तीन मीटरने सापडल्या होत्या.

"नाकाने एकही नाही," ती म्हणाली. "क्लोरीनमध्ये थोडा वेळ उभं राहिलं की नाक सरावतं. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला तर नाक बधिरच करतो. वास थांबला की माणसाला वाटतं गॅस गेला. गॅस गेलेला नसतो साहेब, नाक गेलेलं असतं. माझं आधीच गेलंय, म्हणून मी त्याच्यावर विसंबत नाही. माझी दुसरी चाचणी घ्या, कडू फवाऱ्याची. मला चव कळते. त्यात मास्क बसला नाही तर मी वर पंख्याखाली जाऊन बसते."

दार ढकलून फोरमन आत आला. बातमी चहाच्या खोलीपासून शेडपर्यंत कधीच पोचली होती. तो व्यवस्थापकांकडे न बघता थेट तिच्याशी बोलला.

"चार वर्षं. मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुम्हालाच कसं सांगणार, दादा? तुम्ही नाक बघून माणूस घेता."

"मग? चूक करतो?"

तिला शेडमधलं सगळं काम त्याने शिकवलं होतं. सिलिंडर गुडघ्याला न लावता कसं कलवायचं, व्हॉल्व्ह उघडताना तोंड कुठे ठेवायचं नाही, वाऱ्याची दिशा दाखवणारा खांबावरचा कापडी मोजा आधी बघायचा आणि मग पाऊल टाकायचं. तिच्याऐवजी तपासनीसच चाचरत म्हणाला की नियमाने पाहिलं तर आता सगळ्यांच्याच चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतील. आधी बरण्या.

"आण तुझ्या बरण्या," फोरमन म्हणाला. "माझ्यापासून सुरू कर."

बाकासमोर टेबल मांडलं गेलं. दोन सारख्या बरण्या, सारखी झाकणं, तळाला चिकटवलेला आकडा. बाकी सात जण भिंतीला टेकून उभे होते. फोरमनने पहिली बरणी हलवली, झाकण उघडून हुंगली, बंद केली. दुसरी हुंगली. पुन्हा पहिली. त्याने डोळे मिटून घेतले. त्याचे डोळे हल्ली सारखे पाणावत. वय झालं, असं तो म्हणे.

"ही," त्याने पहिली बरणी पुढे सरकवली.

तपासनिसाने ती उचलून तळ बघितला. त्याचा चेहरा सगळ्यांना वाचता आला.

"पाणी आहे?" फोरमनने विचारलं.

"पाणी आहे."

शेडमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. खोकला आला तो फोरमनलाच, गेली दोन वर्षं येत होता तसा कोरडा, छातीतून. तो संपेपर्यंत सगळे थांबले. मग त्याने उठून आपली जागा दुसऱ्याला दिली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला.

आठ जणांपैकी चौघांना बरण्या ओळखता आल्या नाहीत. लेबलताईने हुंगून सरळ सांगितलं की माझ्यासाठी दोन्ही पाणीच. काडीने चुकीची बरणी दाखवली आणि तळ बघून स्वतःच चाट पडला.

"म्हणजे बायको माझ्या मोज्यांबद्दल म्हणते ते खरं आहे?" तो म्हणाला. "आणि मी आठ वर्षं भांडतोय."

लोक हसले आणि हवा थोडी हलकी झाली. पण हसता हसता प्रत्येक जण मनात हिशोब करत होता. आठांतले चार. पथक जोडीने आत जातं, म्हणजे मागच्या काही वर्षांत असे दोघे एकत्र गेले असतील की ज्यांच्यापैकी कोणालाच आत काय शिरतंय ते कळलं नसतं.

मग कडू फवारा. आधी मास्क न लावता एक फुसकारा, चव कळते का बघायला. लेबलताईच्या जिभेवर तो पडला तसं तिचं तोंड असं वाकडं झालं की काडीने मोबाइल काढला. तिने त्याच्याकडे बघितल्यावर परत ठेवला. तोंड धुऊन तिने मास्क चढवला, पट्टे मागे ओढले, चाचणीपुरती जोडलेली गाळणी तळहाताने बंद करून श्वास आत घेतला; मास्क गालांना चिकटला. वर घुमटी आली. तपासनीस घुमटीच्या भोकातून फवारत गेला, दहा वेळा, वीस वेळा. मान डावीकडे, मान उजवीकडे. मोठ्याने वाचा. वाका. ती जीभ किंचित बाहेर काढून वाट बघत होती. आतापर्यंत तिला या घुमटीखाली कधीच भीती वाटली नव्हती, कारण भीती वाटण्यासारखं काही घडूच शकत नव्हतं. आज प्रत्येक श्वास परीक्षेचा होता.

"कडू?"

"नाही."

"अजूनही नाही?"

"नाही," ती म्हणाली. हे उत्तर तिने स्वतः तपासलेलं होतं.

काडीचा मास्कही बसला. चौघांतल्या तिसऱ्याला कडू लागलं. त्याचा एक पट्टा ढिला पडला होता, बदलल्यावर तोही सुटला. राहिला फोरमन.

दुसऱ्याच फवाऱ्याला त्याने हात वर केला. तपासनिसाने पट्टे आवळून पुन्हा घेतलं. पुन्हा हात वर. तेव्हा लेबलताईने जवळ जाऊन घुमटी उचलली आणि मास्कची कड बोटाने चाचपली, सिलिंडरचं लेबल वाचताना चाचपते तशी, कानाखालून हनुवटीपर्यंत. जबड्याशी तिचं बोट थांबलं. तिथे करंगळी जाईल एवढी पोकळी होती.

"दादा, दात कुठेत तुमचे?"

फोरमनने खिशावर हात ठेवला. दोन वर्षांपूर्वी त्याचे सगळे दात काढले होते. कवळी मास्कखाली टोचते, म्हणून कामावर तो ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवी. दात गेले तसे गाल बसले, जबडा आत गेला, आणि मास्क मात्र बावीस वर्षांपूर्वीच्या मापाचाच राहिला. दर गळतीला गॅस थोडाथोडा आत येत होता. नाक सांगत नव्हतं. डोळे आणि छाती सांगत होती, पण त्यांचं त्याने ऐकलं नव्हतं.

तपासनिसाने पिशवीतून लहान मापाचा मास्क काढला. फोरमनने पाठ फिरवून कवळी बसवली, मग मास्क घातला. घुमटी वर गेली. तपासनीस फवारत राहिला. फोरमन उतारा वाचत राहिला, चष्मा नसल्याने अडखळत, पण शेवटच्या ओळीपर्यंत. हात वर झाला नाही.

घुमटी निघाल्यावर व्यवस्थापक पुढे आले. आजपासून दरवर्षी आधी बरण्या, कवळी किंवा वजन बदललं की लगेच नवी चाचणी, आणि रोज सकाळी प्रत्येक व्हॉल्व्हला फडकं, असं त्यांनी तिथल्या तिथे लिहून सही केली. नाक हे साधन म्हणून धरायचं नाही, असं तपासनिसाने स्वतःच्या हाताने खाली जोडलं. पथकाच्या प्रमुखाचं मात्र वर विचारावं लागेल, व्यवस्थापक म्हणाले, कारण परिस्थिती बदलली आहे.

"काय बदललीय?" फोरमन म्हणाला. अजून त्याच्या हातात नवा मास्क होता. "मी दोन वर्षं विष पीत होतो आणि मला कळलं नाही. तिने दोन तासांत शोधून काढलं. तुम्ही वर विचारा साहेब, पण विचारताना हे सांगा. पथक तिच्याकडेच."

वरून होकार चार दिवसांनी आला. तोवर ती रोजच्यासारखी ट्रकवर चढून लेबलं वाचत होती, आणि फडकं घेऊन फिरताना तिच्यामागे आता आणखी दोघे आपापलं फडकं घेऊन फिरत होते.

फोरमनचे शेवटचे दोन दिवस राहिले होते तेव्हा दुपारी भोंगा वाजला. क्लोरीनच्या शेडमधला मीटर किंचाळत होता. लेबलताईने आधी वाऱ्याचा मोजा बघितला, मग माणसं मोजली, सगळे वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेले. एव्हाना पहारेकरी पाण्याचा पाइप ओढत शेडकडे धावत निघाला होता. तिने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"पाणी नाही. पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल होतं, धातू खातं. भोक मोठं होईल."

त्याने पाइप टाकला. फोरमन हवेची बाटली पाठीवर चढवत होता, सवयीने, सगळ्यांच्या आधी. तिने त्याच्यासमोर जाऊन त्याचे पट्टे तपासले.

"दादा, तुम्ही बाहेर राहायचं. मोज्याखाली. आम्ही वीस मिनिटांत नाही आलो तर आत यायचं. मी आणि काडी जातोय."

बावीस वर्षांत त्याला कोणी बाहेर राहायला सांगितलं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"दोन वाजून दहा," तो म्हणाला. "जा."

आत खालच्या बाजूला हिरवट पिवळं धुकं फरशीलगत पसरलेलं होतं. क्लोरीन हवेपेक्षा जड, तो खालीच रांगतो. मास्कमध्ये बाटलीतली कोरडी हवा येत होती. काडीच्या हातात पाना, तिच्या हातात फडक्याची काठी. रांगेतल्या तिसऱ्या, टनभर गॅस मावणाऱ्या सिलिंडरपाशी फडक्यावर पांढरा धूर भसकन उठला. आडव्या पडलेल्या त्या अजस्र नळकांड्याला दोन व्हॉल्व्ह होते, एकावर एक, आणि गळत होता तो खालचा. खालच्या व्हॉल्व्हला आतून द्रव लागलेला असतो. एक थेंब बाहेर आला की त्याचा शेकडो पट गॅस होतो. तिने हाताने गोल खूण केली. दोघांनी खांदा लावून सिलिंडर रुळांवर फिरवलं, अर्धा फेरा, गळणारा व्हॉल्व्ह वर येईपर्यंत. आता त्याच्यामागे नुसता गॅस होता. धूर लगेच निम्म्यावर आला.

मग पाना. व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीचा नट पाव फेरा आवळला. फडकं फिरवलं. धूर होता, बारीक. आणखी थोडं, अगदी थोडं, कारण जास्त आवळलं तर दांडीच मोडायची. फडकं फिरवलं. तिने ते वरून नेलं, खालून नेलं, चारी बाजूंनी नेलं.

काही नाही. सांधा स्वच्छ, फडकं ओलं.

काडीने अंगठा वर केला. तिने मान हलवली आणि पुन्हा एकदा सगळे सांधे तपासले. उरलेल्या सगळ्या सिलिंडरांचे व्हॉल्व्हही तपासले. मगच ती वळली.

बाहेर फोरमन घड्याळ धरून उभा होता तिथेच होता. दोन वाजून एकवीस, त्याने मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आवाराबाहेर उभ्या असलेल्या माणसांमधून आवाज उठला, टाळ्या वाजल्या, कोणीतरी तिचं नाव घेऊन ओरडलं. तिने एवढंच सांगितलं की मीटर शून्यावर येईपर्यंत आत कोणी जायचं नाही. मग पट्टे सैल केले आणि मास्क काढला.

संध्याकाळी ती नेहमीच्या बसने घरी निघाली. शेजारी बसलेल्या बाईने तिच्याकडे एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं आणि शेवटी न राहवून विचारलं की चेहऱ्याला काय लागलंय. लेबलताईने खिडकीच्या काचेत वाकून बघितलं. कपाळावरून कानशिलांपर्यंत, तिथून जबड्याखालून हनुवटीला वळसा घालून, मास्कच्या रबराची लाल रेघ उठली होती. तिने त्या रेघेवरून बोट फिरवलं, सावकाश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. कुठेही तुटलेली नव्हती.

"कामाचं आहे," ती म्हणाली आणि घर येईपर्यंत चेहरा खिडकीतल्या उजेडात तसाच ठेवून बसली.